मोकळ्या लोंबणाऱ्या स्ट्रेचरसाठी भोवरकडी : कडा-बचाव गटाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

पावसाळ्यापूर्वी पूर्ण करण्याच्या कामांत यंदा एकच विषय घेतला आहे. दोन दोरांवर सोडलेला स्ट्रेचर कड्यापासून सुटून हवेत लोंबू लागला की स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या वरचे दोन्ही दोर एकमेकांना गुंडाळले जातात. यावर उपाय म्हणून दोर आणि स्ट्रेचर यांच्यामध्ये भोवरकडी, म्हणजे दोन टोके एकमेकांपासून स्वतंत्र फिरणारी कडी, गिर्यारोहक ज्याला स्विव्हल म्हणतात ती, लावली जाते. पण ती नेमकी कुठे, कोणती आणि कोणत्या परिस्थितीत लावायची, याची लेखी पद्धत आपल्या गटाकडे नाही. ती तयार करणे हा या प्रकल्पाचा हेतू आहे. बैलाच्या दाव्यात पीळ साचू नये म्हणून जे तत्त्व वापरले जाते तेच येथेही आहे, परंतु येथे त्या कडीखाली जखमी माणूस आणि त्याच्यासोबतचा आपला सहकारी असल्यामुळे तपशील काटेकोरपणे ठरवणे भाग आहे.

सह्याद्रीत हा प्रश्न विशेष का येतो, याचे कारण कड्यांच्या घडणीत आहे. बेसॉल्टचे कठीण थर आणि त्यांच्यामधले मऊ, सच्छिद्र थर आलटून पालटून येतात. मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर पुढे आलेला राहतो आणि त्याच्या काठावरून खाली उतरणाऱ्याचे पाय काही मीटरांतच भिंतीपासून सुटतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे याचे सर्वांत भव्य उदाहरण. तेथे संपूर्ण भिंतच अंतर्वक्र असून वरच्या काठाखाली ती आत सरकत जाते. जोवर स्ट्रेचरसोबतच्या सहकाऱ्याचे पाय खडकावर आहेत तोवर तो स्वतःच स्ट्रेचरला दिशा देतो आणि भोवरकडीची गरज भासत नाही. पाय सुटले की त्याच्या हातात काहीच उरत नाही.

फिरण्याचे दुष्परिणाम दोन. पहिला जखमी व्यक्तीला होतो : उताणे बांधलेल्या माणसाला गरगरून उलटी झाली तर ती श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो, आणि डोक्याला मार लागलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तो अधिक गंभीर असतो. दुसरा परिणाम दोरांवर होतो. खाली सोडताना लटकलेल्या दोरांची लांबी वाढत असते, त्यामुळे पडलेले वेढे लांबवर विखुरतात आणि फारसे लक्षात येत नाहीत. पण त्याच स्ट्रेचरला पुन्हा वर ओढण्याची वेळ आली की तेच वेढे कमी होत जाणाऱ्या लांबीत दाटत कड्याच्या काठाशी गोळा होतात. तेथे दोन्ही दोर एकमेकांपासून वेगळे होऊ शकत नाहीत, आणि मुख्य दोर व बॅकअप दोर ही व्यवस्था नावापुरतीच दोन दोरांची राहते.

१२ जानेवारी, रविवार

भांडारातील साहित्याची नोंद केली. आपल्याकडे बॉल बेअरिंगच्या दोन प्रकारच्या भोवरकड्या आहेत. एका प्रकारावर २३ किलोन्यूटन आणि दुसऱ्यावर ३६ किलोन्यूटन कोरलेले आहे. स्ट्रेचर, जखमी, सोबतचा सहकारी आणि साहित्य मिळून सुमारे २०० किलो धरले तर स्थिर भार अंदाजे २ किलोन्यूटन होतो. म्हणजे लहान कडीत साडेअकरापट आणि मोठीत अठरापट क्षमता आहे. अमेरिकेतील एनएफपीए १९८३ (हा मानकाचा क्रमांक, वर्ष नव्हे) या मानकात दोन व्यक्तींचा भार ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो धरलेला होता; त्या कडक हिशेबानेही मोठी कडी तेरापटीहून अधिक ठरते. स्ट्रेचरसाठी मोठीच वापरायची, हे आजच ठरवून टाकले.

एक सावधगिरी येथे लिहून ठेवतो, कारण नवीन सदस्य हा प्रश्न दरवर्षी विचारतात. हार्डवेअरच्या बाजारात मिळणाऱ्या पोलादी स्विव्हलवर कामाचा भार टनात किंवा किलोत लिहिलेला असतो. तो सुरक्षिततेच्या गुणकाने आधीच भागून दिलेला आकडा असतो. गिर्यारोहणाच्या साहित्यावरचा किलोन्यूटनमधला आकडा हा तुटण्यापूर्वी सहन व्हावा असा किमान भार असतो. हे दोन आकडे एका रांगेत ठेवून तुलना करता येत नाही. शिवाय साखळीसाठी बनवलेली अनेक औद्योगिक स्विव्हल फक्त भार नसताना जोडणी सरळ व्हावी म्हणून असतात आणि भाराखाली फिरण्यासाठी त्यांची रचनाच नसते. माणसाच्या भारासाठी असे साहित्य वापरायचे नाही, ते कितीही दणकट दिसले तरीही.

१९ जानेवारी, रविवार

दोरात पीळ येतो कुठून, यावर आज सर्वांनी बसून काम केले. जुन्या तीन पेडांच्या वळलेल्या दोरावर भार पडला की पेड उलगडू पाहतात आणि खालचे वजन गरगर फिरते. आजच्या कर्नमँटल (गाभा आणि त्यावर आवरण अशा) दोरात गाभ्यातील निम्मे पेड एका दिशेला व निम्मे दुसऱ्या दिशेला वळलेले असतात, आवरणही दोन्ही दिशांनी विणलेले असते, त्यामुळे दोर स्वतःहून फार कमी फिरतो. मग उरलेला पीळ मुख्यतः आपल्या हाताळणीतून येतो.

पहिला स्रोत नव्या दोराचा रीळ. रीळ आडव्या दांड्यावर फिरवत दोर काढला तर पीळ येत नाही. रीळ उभा ठेवून वरून वेटोळी ओढली तर प्रत्येक वेटोळ्यामागे दोरात एक पूर्ण पीळ भरतो. गोल गुंडाळी करून ठेवलेल्या दोराचेही तसेच होते, म्हणून बचावाचे दोर पिशवीतच भरून ठेवण्याचा आपला नियम योग्य आहे. दुसरा स्रोत आठाच्या आकाराचा डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारे साधन), जो सह्याद्रीत आजही सर्रास वापरला जातो, आणि इटालियन हिच (त्याच कामाची सरकती गाठ). दोन्हीमधून दोर वळसा घेऊन जातो आणि जाताना पीळ घेतो. बचावकार्यात दोर सरळ मार्गाने जाणारे डिसेंडर वापरावेत, याचे हे एक सबळ कारण आहे.

यातून एक उपयुक्त गोष्ट स्पष्ट झाली. रॅपलिंग करताना आठाच्या डिसेंडरने ढकललेला पीळ खाली जातो, आणि दोराचे खालचे टोक मोकळे लोंबत असेल तर तेथून तो निघून जातो. तेच टोक धबधब्याच्या डोहात किंवा दगडांत अडकलेले असेल तर दोरात पीळ साचून वेडेवाकडे वळसे पडतात. एकेरी दोरावर उतरणाऱ्याला स्वतंत्र भोवरकडी लावून काहीच साधत नाही, कारण तो दोराच्या मध्यावर असतो. त्याने टोक मोकळे आहे ना एवढे पाहिले तरी पुरते. स्ट्रेचरचे तसे नाही. तेथे दोराचे टोक भाराला बांधलेले असते, आणि म्हणून पीळ निघण्याची वाट मुद्दाम तयार करावी लागते.

२ फेब्रुवारी, रविवार

लोणावळ्याजवळच्या एका मोकळ्या ओव्हरहँगवर (पुढे झुकलेल्या कड्यावर) पहिली प्रत्यक्ष चाचणी घेतली. स्ट्रेचरमध्ये माणसाऐवजी वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या आणि सोबतचा सहकारी नव्हता.

आधी प्रत्येक दोराच्या टोकाला एक, अशा दोन भोवरकड्या लावून पाहिल्या. गटातील अनेकांचे मत होते की हीच सर्वांत सुरक्षित मांडणी, कारण एक निकामी झाली तरी दुसरी आहे. परंतु स्ट्रेचर फिरवताच दोन्ही दोर पूर्वीइतकेच एकमेकांना गुंडाळले गेले. कारण पाहिल्यावर लगेच पटते : प्रत्येक कडी आपापल्या दोरातला पीळ काढते, पण दोन्ही दोर एकाच फिरणाऱ्या वस्तूच्या दोन बिंदूंना बांधलेले आहेत आणि ती वस्तू फिरली की ते दोन बिंदू एकमेकांभोवती फिरणारच. दोराच्या आतला पीळ आणि दोन दोरांचे परस्परांतले वेढे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि बचावकार्याला अडवतो तो दुसरा.

नंतर दोन्ही दोर एका रिगिंग प्लेटवर (अनेक छिद्रांच्या धातूच्या पट्टीवर) आणले, प्लेटखाली एकच मोठी भोवरकडी आणि तिच्याखाली स्ट्रेचरचा चार पायांचा ब्रायडल (स्ट्रेचर टांगणारे चार पट्टे) अशी मांडणी केली. स्ट्रेचर मोकळेपणाने फिरत राहिला, प्लेट स्थिर राहिली आणि वरचे दोर शेवटपर्यंत वेगळे दिसत होते. दिवसभरात ही गोष्ट पुन्हा पुन्हा तपासली. वाऱ्याच्या झोतात स्ट्रेचर दिशा बदलून उलटा फिरू लागला तरी प्लेट जागची हलली नाही.

५ फेब्रुवारी

रविवारच्या निरीक्षणाला हिशेबाचा आधार द्यावा म्हणून कागदावर मांडणी केली. गटातील सर्वांनी हा भाग शांतपणे वाचावा, कारण पुढचे बरेच निर्णय यावर अवलंबून आहेत.

वर एकमेकांपासून अंतर ठेवून बांधलेले दोन दोर खाली लोंबणाऱ्या भाराला फिरू न देण्याचा काही प्रयत्न करतातच. हा प्रतिकार जास्तीत जास्त किती, हे भार गुणिले वरच्या अंतराचा निम्मा गुणिले खालच्या अंतराचा निम्मा, भागिले दोरांची लोंबती उंची, असे काढता येते. भार २००० न्यूटन, वर दोन दोरांत एक मीटर आणि खाली स्ट्रेचरवर वीस सेंटीमीटर अंतर धरले, तर १० मीटर लांबीवर हा प्रतिकार १० न्यूटन-मीटर येतो आणि ६० मीटरवर अवघा १.७ न्यूटन-मीटर. लांबी सहापट, प्रतिकार सहावा हिस्सा.

आता वारा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन असतो. दोन मीटर लांब, अर्धा मीटर उंच असा आडवा पृष्ठभाग धरला आणि हा जोर मध्यापासून दहा सेंटीमीटर बाजूला लागला, तर फिरवणारा जोर ६ न्यूटन-मीटर होतो. कोकणातून कड्याला भिडून वर चढणारा वारा सहज एवढा असतो. १० मीटरवर दोर स्वतःच त्याला पुरून उरतात. साधारण १७ मीटरच्या पुढे ते हरतात. हे गणित ढोबळ आहे, पण लहान उतारात भोवरकडी नसतानाही काम नीट होते आणि लांब उतारात अचानक सगळे बिघडते, हा जो अनुभव सर्वांना येतो त्याचे स्पष्टीकरण त्यातून मिळते.

याच सूत्रातून आणखी एक निष्कर्ष निघतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भोवरकडीने काम करायचे असेल तर तिच्या वरची प्लेट स्थिर राहायला हवी, आणि प्लेटला स्थिर ठेवणारा जोर फारच थोडा असतो. प्लेटवरच्या दोन छिद्रांत पाच सेंटीमीटर अंतर धरले तर ६० मीटर लांबीवर तो जोर ०.४ न्यूटन-मीटर इतकाच आहे. कडीच्या आतील घर्षण याहून जास्त असेल तर प्लेटही स्ट्रेचरबरोबर फिरेल. २००० न्यूटन भाराखाली चांगल्या बॉल बेअरिंगचे घर्षण अंदाजे ०.०४ न्यूटन-मीटर, तर नुसत्या बुशवर, म्हणजे धातूच्या साध्या नळीवर, फिरणाऱ्या साध्या सांध्याचे सुमारे ३ न्यूटन-मीटर येते. हातात धरून फिरवली की दोन्ही कड्या सारख्याच सुळसुळीत वाटतात. भार पडल्यावर एक दहापट सैल आणि दुसरी सातपट जाम ठरते. स्ट्रेचरसाठी बॉल बेअरिंग अनिवार्य, हा नियम केवळ पसंतीचा नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजची बैठक लांबली, आणि ती लांबणे आवश्यक होते. आपल्या रूढ पद्धतीत दोन्ही दोरांच्या गाठींना लांब शेपट्या, म्हणजे गाठीपुढे उरलेली टोके, ठेवतात. एक सोबतच्या सहकाऱ्याच्या हार्नेसला आणि एक जखमीच्या हार्नेसला जाते. उद्देश असा की प्लेट, ब्रायडल किंवा एखादा कॅरॅबिनर (जोडणीची उघडझाप होणारी धातूची कडी) निकामी झाला तरी माणूस दोराला थेट बांधलेला असावा. भोवरकडी मध्ये आल्यावर या शेपट्या तिला बगल देऊन वरून खाली जातात. स्ट्रेचर काही फेरे फिरला की त्या कडीभोवती आणि ब्रायडलभोवती गुंडाळल्या जातात, ताठ होतात आणि कडी अडवून टाकतात. त्यानंतर फिरण्याचा सगळा जोर पुन्हा प्लेटवर, म्हणजे दोरांवर जातो. थोडक्यात, कडीचा बॅकअप कडीलाच बंद पाडतो.

गटातील सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आग्रह होता की सर्व भार एकाच सांध्यावर सोडण्याची परवानगी कधीही देऊ नये. त्यांचे म्हणणे मी गांभीर्याने घेतो. आपले अनेक नियम त्यांच्या अशाच आग्रहामुळे तयार झाले आहेत. दुसऱ्या बाजूने मी असे मांडले की रिगिंग प्लेट हाही एकच सांधा आहे, ब्रायडलचे मुख्य कडे हाही एकच सांधा आहे, आणि त्यांच्यावर आपण विश्वास ठेवतो तो त्यांची क्षमता, नोंदवलेला इतिहास आणि तपासणी यांच्या आधारे. फरक इतकाच की भोवरकडीत फिरणारे भाग आहेत आणि आतील बेअरिंग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिची तपासणी अधिक कडक हवी, हे मान्य आहे. सैल स्लिंगने कडीला बॅकअप देण्याची सूचनाही आली. तीही काही फेऱ्यांनंतर तशीच गुंडाळली जाते, हे जमिनीवर टांगून सर्वांना दाखवले.

शेवटी पुढील तडजोड झाली. उतार साधारण १५ मीटरपेक्षा कमी असेल किंवा सहकाऱ्याचे पाय बहुतेक वेळ खडकावर राहणार असतील, तर भोवरकडी लावायची नाही आणि शेपट्या नेहमीप्रमाणे हार्नेसला न्यायच्या. त्याहून लांब मोकळ्या उतारात ३६ किलोन्यूटनची कडी प्लेटखाली लावायची, शेपट्या प्लेटवरच संपवायच्या, आणि सहकारी व जखमी दोघांनाही कडीच्या खालच्या कॅरॅबिनरला स्वतंत्र लॅनयार्डने (आखूड जोडदोरीने) जोडायचे, म्हणजे ब्रायडल किंवा स्ट्रेचरमध्ये काही बिघडले तरी माणसे सुटणार नाहीत. कोणती मांडणी वापरायची हे अँकरप्रमुख (वर दोर बांधलेल्या जागेचा प्रमुख) ठरवेल आणि मोठ्याने उच्चारून सांगेल. अर्धी ही आणि अर्धी ती अशी मांडणी करायची नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

कडी स्ट्रेचरला फिरण्यापासून थांबवत नाही, हे या प्रकल्पात पहिल्यापासून लिहिले जायला हवे असे आमच्या डॉक्टर सहकारी ताईंनी आज ठामपणे सांगितले, आणि ते रास्त आहे. कडी असली की दोर सुरक्षित राहतात; स्ट्रेचर मात्र पूर्वीपेक्षा अधिक सहज फिरतो, कारण त्याला विरोध करणारे दोर आता त्याच्याशी जोडलेले नाहीत. फिरणे थांबवण्याचे काम टॅग लाइनचे, म्हणजे स्ट्रेचरला बांधून खालून बाजूला ओढून धरलेल्या दोरीचे.

या संदर्भात ४ जून २०१९ ची घटना सर्वांनी अभ्यासावी. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरातील पिएस्टेवा शिखरावरून एका जखमी वृद्ध महिलेला हेलिकॉप्टरने बास्केट स्ट्रेचरमधून वर घेतले जात होते. फिरणे रोखण्यासाठी लावलेली टॅग लाइन तुटली, पंख्याच्या खाली येणाऱ्या वाऱ्यात बास्केट अतिशय वेगाने गरगरू लागली, आणि ती थोडी खाली घेऊन, हेलिकॉप्टर पुढे नेऊन फिरणे आटोक्यात आणावे लागले. हेलिकॉप्टरच्या हुकाला फिरता सांधा असतोच. केबल त्यामुळे पिळापासून वाचते; आतल्या माणसाचे गरगरणे थांबत नाही.

आपल्या उतारांसाठी हिशेब सोपा आहे. स्ट्रेचरच्या टोकाला, मध्यापासून एक मीटरवर, टॅग लाइनने केवळ ३० न्यूटन आडवा जोर दिला, म्हणजे तीन किलो वजन उचलण्याइतका, तरी ३० न्यूटन-मीटर मिळतात. वाऱ्याच्या ६ च्या तुलनेत ते भरपूर आहेत. अट एवढीच की जोर आडवा हवा. टॅग लाइन धरणारा थेट स्ट्रेचरखाली उभा असेल तर त्याची ओढ जवळजवळ उभी लागते, भार वाढतो आणि दिशा मात्र मिळत नाही. त्याने कड्यापासून दूर, उतारावर सरकून उभे राहायचे. पावसाळ्यात दाट झाडी आणि निसरडी घसरण यांमुळे हे नेहमी शक्य होत नाही, म्हणून डोक्याकडे आणि पायाकडे अशा दोन टॅग लाइन लावून दोन जागा निवडण्याची मुभा ठेवली आहे. टॅग लाइन नेहमी कडीच्या खाली, स्ट्रेचरच्या चौकटीलाच बांधायची आणि धरणाऱ्याने ती स्वतःच्या अंगाला बांधायची नाही. खाली कुणी पोहोचलेच नसेल तर लांब मोकळ्या उतारात सोबतचा सहकारी अनिवार्य. भिंत हाताशी येईल तेव्हा दिशा देणारा तेवढा तरी हवा.

९ मार्च, रविवार

काठ ओलांडण्याचा सराव. येथे कडीला सर्वांत मोठा धोका आहे. तिच्यावरचा भार तिच्या अक्षाच्या रेषेतच पडायला हवा. स्ट्रेचर काठावरून खाली सरकत असताना कडी खडकाच्या कोपऱ्यावर टेकली तर तिच्या मानेवर आडवा वाकवणारा जोर येतो, आणि या जोरासाठी कोरलेला आकडा लागू होत नाही. तिपाई किंवा ए-फ्रेम लावून दोराची दिशा काठापेक्षा उंच ठेवली तर हा प्रश्न मिटतो. तिपाई नेता येणार नाही अशा जागी, जे सह्याद्रीत बहुधा घडते, काठावर पॅडिंगबरोबरच एका सदस्याने प्लेट आणि कडी हाताने उचलून काठापलीकडे सोडायची.

दुसरा प्रश्न उंचीचा. प्लेट, कॅरॅबिनर, कडी, पुन्हा कॅरॅबिनर आणि मग ब्रायडल, अशा साखळीची लांबी वाढत जाते. वर ओढताना प्लेट तिपाईच्या पुलीला लागते आणि स्ट्रेचर मात्र अजून काठाच्या खालीच असतो. मग चार जणांना वाकून तो ओढून घ्यावा लागतो, आणि थकलेल्या गटाने काठावर वाकणे हे बचावकार्यातील सर्वांत वाईट क्षणांपैकी एक आहे. उघडणारे तोंड असलेल्या कड्या थेट जोडता येतात आणि एक कॅरॅबिनर वाचतो. पुढील खरेदीत त्यांचा विचार करावा, अशी नोंद केली. तोवर ब्रायडलचे पाय आखूड करून घेतले.

२३ मार्च, रविवार

ओढण्याच्या यंत्रणेत लहान कड्या वापरून पाहिल्या. तीनास एक किंवा पाचास एक अशा (जोर तीनपट किंवा पाचपट करणाऱ्या) पुली-यंत्रणेत पुढे सरकणारी पुली दोराच्या पिळामुळे वळते, समांतर चालणारे दोर एकमेकांवर घासू लागतात आणि ओढणाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत बराच जोर घर्षणात गेलेला असतो. सरकत्या पुलीच्या जोडणीवर कडी लावल्यावर दोर सुटे राहिले. अंगभूत स्विव्हल असलेल्या पुलीनेही तेच साधते आणि लांबी कमी लागते; अँकरवरच्या पुलीला त्यामुळे दोराच्या दिशेनुसार आपोआप वळता येते.

डिसेंडरच्या मागे अँकरवर मात्र कडी लावायची नाही. तेथे उपकरण स्थिर दिशेत राहायला हवे. ते फिरू लागले तर ब्रेक धरणाऱ्याच्या हाताची दिशा बदलते, आणि स्वयंबंद होणाऱ्या काही उपकरणांचा दांडा खडकावर टेकून उघडा राहू शकतो.

२७ मार्च

गटातील गिर्यारोहकांनी इतर उपयोगांची भर घातली, ती थोडक्यात लिहितो. मोठ्या भिंतींवर, जसे योसेमिटीच्या सुमारे ९०० मीटर उंच एल कॅपिटनवर, साहित्याची जड पिशवी ओढताना दोर व पिशवी यांच्यामध्ये कडी लावतात. पिशवी खडकावर आपटत फिरते आणि कडी नसेल तर ओढण्याच्या दोरात पीळ भरतो. व्हिया फेराटाच्या (लोखंडी तार बसवलेल्या चढाईच्या वाटेच्या) काही संचांत दोन लवचीक फाटे एकमेकांत अडकू नयेत म्हणून हार्नेसजवळ कडी असते. हिमालयात बर्फाच्या कुऱ्हाडींना जोडलेल्या लवचीक दोऱ्यांतही ती दिसते, पण तेथे ती केवळ कुऱ्हाड हरवू नये म्हणून आहे; तिला माणसाचा भार कधीही देऊ नये. रंगाने आणि आकाराने ती भांडारातल्या कड्यांसारखीच दिसते, म्हणून ती वेगळ्या डब्यात ठेवली आहे.

१३ एप्रिल, रविवार

दरीवर ताणलेल्या दोरावरून स्ट्रेचर नेण्याचा सराव. येथे कॅरेजच्या, म्हणजे दोरावरून धावणाऱ्या गाड्याच्या, पुल्या ताणलेल्या दोरावरच असल्यामुळे हा गाडा स्वतः फिरत नाही आणि कडी लावल्यास स्ट्रेचर दरीच्या दिशेला आडवा किंवा उभा हवा तसा वळवता येतो. अरुंद नाळेच्या, म्हणजे घळीच्या, तोंडाशी जखमीला उतरवताना याचा फार उपयोग होईल. मात्र मागे-पुढे ओढण्याच्या दोन्ही दोऱ्या कॅरेजलाच, म्हणजे कडीच्या वर बांधाव्या लागतात. एकही चुकून खाली बांधली गेली तर वळणारा स्ट्रेचर तिला स्वतःभोवती ओढून घेतो. पूर्वतपासणीच्या यादीत हा मुद्दा स्वतंत्र ओळीत घातला.

४ मे, रविवार

पावसाळ्यापूर्वीचे पत्रक छापून प्रत्येक रिगिंग पिशवीत ठेवले. तपासणीचा भाग येथे नोंदवतो. प्रत्येक सरावानंतर कडी हाताने फिरवून आत खरखर आहे का ते पाहणे. दोन्ही टोके धरून अक्षाच्या दिशेत व आडवी हलवून ढिलेपणा तपासणे. मानेजवळ भेगा, ओरखडे, गंज पाहणे. त्यानंतर ती मोठ्या कॅरॅबिनरवर, एका माणसाचे वजन देऊन टांगून फिरवणे, कारण भाराशिवाय फिरणारी कडी भाराखालीही फिरेल याची खात्री नसते. लाल मातीच्या चिखलातून आलेली कडी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे. दाबाने पाणी मारू नये, त्याने माती बेअरिंगच्या सीलमधून आत जाते. उत्पादकाने सांगितल्याखेरीज तेल घालू नये. खाऱ्या हवेत, समुद्राजवळच्या किल्ल्यांवर वापरलेली कडी त्याच दिवशी धुवावी. जोराचा झटका बसलेली, उंचावरून खडकावर पडलेली किंवा काठावर वाकलेली कडी, बाहेरून काही दिसत नसले तरी, स्ट्रेचरच्या कामातून बाद करून तिच्यावर लाल पट्टी बांधावी आणि भांडाराच्या वहीत कारणासह नोंद करावी.

उरलेले काम : पावसात भिजलेल्या, जड झालेल्या दोरांवर प्लेट स्थिर राहते का याची चाचणी जूनच्या पहिल्या सरावात घ्यायची आहे. त्यासाठी मोठी कडी, पाच छिद्रांची प्लेट आणि दोन टॅग लाइन स्वतंत्र पिशवीत बांधून ठेवल्या आहेत.